अक्का, आपला बरडावरचा गोल्फ

अक्का, घरी अजून माणसं येतात. सतरंजीवर टेकतात, पाणी घेतात, आणि थोड्या वेळानं सगळ्यांच्या तोंडी एकच येतं, शांताबाई कशाला म्हणून भ्यायल्या नाहीत. काल तुमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. आता त्यांच्याच घरात सुना आल्यात. “बाईंची शिट्टी वाजली की आमचे हेडमास्तरसुद्धा दचकायचे,” असं सांगून त्यातली एक हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी ऐकते, मान हलवते, चहाचं निमित्त करून आत जाते. दवाखान्यात तुम्ही मला जे सांगितलंत ते यांना सांगावं की नाही, कळत नाही. असलं काही कळत नसलं की मी तुम्हालाच विचारायची. आताही तुम्हालाच विचारतेय, बघा.

मी या घरात सून म्हणून आले त्याला वर्षही झालं नव्हतं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. लातुरातलं आपलं घर पडलं नाही. देवघराच्या भिंतीला एक चीर गेली, एवढंच. माझं माहेर औशाच्या पलीकडं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचं छत. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दर वर्षी त्यावर आणखी माती टाकायचे. आई आणि वडील त्याच छताखाली होते. हे, म्हणजे तुमचा भाऊ शिवा, आडतीचा ट्रक घेऊन तिकडं गेले आणि तिसऱ्या प्रहरी परत आले. त्यांच्या केसांत, भुवयांत माती होती. तुम्ही त्यांना अंगणातच थांबवलंत, तोंड धुवायला लावलंत आणि मग मला जवळ घेतलंत.

त्यानंतर सगळं लातूर अंगणात झोपलं. ताडपत्र्या बांधल्या, खाटा बाहेर आल्या. मग एकेक घर आत गेलं. थंडी वाढली तशी शेजारची सोनाराची माणसंही आत गेली. मी राहिले. दारातून आत पाय टाकला की माझी नजर वर जायची आणि मी मागे फिरायची. अंगणातच तीन दगड मांडून मी स्वयंपाक करायची. उशाशी काठोकाठ भरलेला पेला ठेवायची, पाणी हलतं का बघायला. रस्त्यावरून मालाचा ट्रक गेला तरी ते हलायचं आणि मी ताडकन उठून उभी राहायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की झोप लागायची, पण झोपेतही माती तोंडात जायची. हे समजूत घालून थकले. सासूबाई म्हणाल्या, “माहेरी जाऊन आली की बरी हुईल,” आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तोंडाला पदर लावून आत गेल्या.

अशा एका सकाळी तुम्ही खाटेखालून ती पिशवी ओढून काढलीत. तुम्ही खेळाच्या बाई. कधीतरी शाळेनं तुम्हाला सिकंदराबादला शिबिराला पाठवलं होतं. तिथं शेजारच्या लष्करी मैदानावर तुम्ही गोल्फ पाहिला, कुणा म्हाताऱ्या शिक्षकानं दोन-चार टोले मारू दिले, आणि साडीसाठी ठेवलेल्या पैशांत तुम्ही जुन्या बाजारातून फाटक्या पिशवीसकट चार काठ्या आणि मूठभर चेंडू घेऊन आलात. घरी बोलणी बसली म्हणून पिशवी खाटेखाली गेली ती गेलीच.

“चल,” तुम्ही म्हणालात.

“कुठं?”

“जिथं छत न्हाई तिथं.”

नांदेडच्या रस्त्याला आपलं बरड होतं, मुरमाड, कुसळांचं, ज्वारीसुद्धा न येणारं रान. तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. तिथं उभं राहिलं की वर आभाळ आणि चहूकडं लांबवर काहीच उभं नाही, म्हणजे अंगावर पडण्यासारखं काहीच नाही. किती तरी दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला. तुम्ही मात्र त्याकडं लक्ष दिलं नाही. गोल्फ म्हणजे काय हे मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलंत. चेंडू काठीनं मारत मारत लांबच्या खड्ड्यात घालायचा, आणि ज्याला कमी टोले लागतील तो जिंकला. “एवढंच?” मी विचारलं. “एवढंच,” तुम्ही म्हणालात, “करून बघ.”

काठ्या उंच गोऱ्या माणसांच्या मापाच्या होत्या. आपण त्या गोलाईच्या बाजारात सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेल्या. त्यांनी एक उचलून उजेडात धरली. “बाजी, ये हॉकी है क्या?” तुम्ही म्हणालात, हॉकीची श्रीमंत बहीण. त्यांनी दांडे कापून आपल्या उंचीचे केले आणि मुठीला सायकलची रबरं चढवली. डालडाचे डबे जमिनीत पुरले, ते आपले खड्डे. बाजूला तुराटी रोवून तिला लाल चिंधी. खऱ्या मैदानावर खड्ड्याभोवती मऊ हिरवळ असते, तिचं काय करायचं, यावर तुम्ही बरेच दिवस विचार केलात. मग एका सकाळी बादलीभर शेण घेऊन आलात आणि प्रत्येक डब्याभोवती आपण गोल सारवून काढला. वाळल्यावर चेंडू त्यावर असा सरळ घरंगळायचा की तुम्ही स्वतःशीच हसायचात. पहिला टोला मारताना चेंडू ठेवायला दोऱ्याचं अर्धं कापलेलं रीळ. साडी खोचून, पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट. बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. कुणी म्हणे, शांताबाईनं भावजयीला उतारा काढायला नेलंय.

चेंडू तेवढे विकत मिळत नव्हते. सबंध जिल्ह्यात कुठं मिळाले नसते, आणि बाहेरून मागवायचे तर घरात काय सांगणार? म्हणून तुमचा एकच कडक नियम होता. चेंडू हरवायचा नाही. कुसळांत गेला तरी, बाभळीत गेला तरी, सापडल्याशिवाय घरी जायचं नाही.

त्या उन्हाळ्यातला दिवस तुम्हाला आठवत असेल. बरडाच्या खाली शेजाऱ्यांचं काळ्या मातीचं रान होतं. चैत्रात ते असं भेगाळायचं की पाय घालताना बघून घालावा लागे. माझा टोला वाकडा गेला, चेंडू उतारानं पळत खाली गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत एका भेगेत शिरला. मी काठावर जाऊन उभी राहिले. भेग वाकडी, काळी. आत काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता ही रुंदावेल. खरंच वाटलं. मी म्हणाले, राहू द्या.

“हात घाल,” तुम्ही म्हणालात.

“मला न्हाई जमणार.”

“मग माझाबी न्हाई जाणार. माझा हात जाड हाय, तुझा बारीक हाय.”

“आत इंचू असंल, अक्का.”

“असंल. काठीनं आधी ठोकू.”

तुम्ही काठीच्या मुठीनं भेगेच्या कडा ठोकल्या. ढेकळं आत पडली आणि खोल कुठं तरी आवाज झाला. मी पालथी झोपले. गाल तापलेल्या मातीला लावला आणि हात आत घातला, मनगट, मग कोपर. आत गार होतं. ते मला अपेक्षित नव्हतं. वरची माती भाजत होती आणि आत आईच्या घरासारखा गारवा. मी तशीच पडून राहिले आणि मोठ्यानं रडले. माझ्या मागे सगळं मोकळं रान होतं. चेंडू बोटांना लागला, सुटला, परत लागला. वर काढला तेव्हा दंडाला खरचटून रक्त आलं होतं. तुम्ही चेंडू पदराला पुसलात, आणि म्हणालात, “इथनंच मार आता. टोला मोजायचा हाय.”

त्या दिवसापासून मी बरी झाले असं नाही. पण पाऊस लागला तेव्हा चूल आत नेली आणि मीही तिच्यामागून आत गेले. तळमजल्यावर, दाराजवळ, दार उघडं ठेवून मी झोपायला शिकले. जिना मात्र नाही. कुणाच्याही घरी वरच्या मजल्यावर हळदीकुंकू असलं की माझं डोकं दुखायचं.

आणि तो दुसरा दिवस. तुम्ही सारवलेल्या गोलावर वाकून उभ्या होतात, शेवटचा हलका टोला मारायचा बाकी होता. चेंडू तुम्ही स्पर्श न करताच हलला. आधी मला वाटलं वारा. मग बाभळीवरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि पायाखालून गाडी गेल्यासारखा आवाज गेला. छोटाच धक्का होता, गावात पुष्कळांना कळलाही नाही. पण तुम्ही माझं मनगट असं आवळलंत की काचेच्या बांगड्या फुटून हातात गेल्या. मी खाली बसणार होते, त्या हातामुळं उभी राहिले. पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना हेच सांगितलं, अक्कांनी मला त्या दिवशी पडू दिलं नाही.

मग लातूर बदललं. बाहेरगावची पोरं यायला लागली, भोकरची, उदगीरची, थेट विदर्भातली. गल्लीगल्लीत क्लासेसच्या पाट्या, भिंतीभिंतीवर हसणारे गुणवंत. ज्या बरडाला कुणी विचारत नव्हतं त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॉट पडले. ह्यांनी होस्टेलचा विषय काढला. बरडावर मुलींचं होस्टेल, चार मजली, आणि खाली मी चालवायची खानावळ. निम्मी जमीन तुमच्या नावावर होती. मला खात्री होती तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही हो म्हणालात.

आपण तेवढं भांडण पुन्हा कधी भांडलो नाही. स्वयंपाकघरात तुम्ही शेंगा फोडत होतात.

“खेळायचं कुठं मग?” मी म्हणाले.

“खेळायला भुई लई हाय.”

“चार मजले, अक्का. तुम्हाला म्हाईत हाय ना काय होतं ते?”

“सळई घालून बांधतेत आता. दगडमाती न्हाई.”

“परक्याच्या पोरी हाईत. त्यांच्या डोक्यावर स्लॅब ठेवायचा आन् आपण खाली भाकऱ्या थापायच्या?”

तुम्ही शेंगा बाजूला केल्यात. “सुमन, तुझी भीती तुझ्यापाशी ठेव. पोरींच्या ताटात वाढू नको.”

ते वाक्य मला फार लागलं. इमारत झाली. खानावळ चालली, चांगली चालली. रोज संध्याकाळी वरच्या मजल्यांवरून पोरींच्या चपलांचा आवाज यायचा, बादल्या ओढल्याचा, खुर्च्या सरकवल्याचा, आणि मी खाली भाजी ढवळताना कान वर लावून उभी असायची. त्यांना मी सांगायची, दाराला आतून कडी लावू नका. का, ते सांगायची नाही. कुणाची आई फोनवर विचारायची, “आमची पोरगी जेवती का नीट?” मी म्हणायची हो, आणि मनात म्हणायची, बाई, तुझी पोरगी चौथ्या मजल्यावर आहे. आजही म्हणते. सवय झाली असं लोक म्हणतात. भीतीची सवय होते; ती कमी होत नाही.

तुम्ही निवृत्त झालात आणि नांदेडला निघून गेलात, विष्णुपुरीला, मैत्रिणीच्या घराशेजारी दोन पत्र्याच्या खोल्या भाड्यानं घेऊन. ह्यांनी किती समजावलं, स्वतःची इमारत असताना पत्र्याखाली कामून? तुम्ही म्हणालात, गोदेचा वारा लागतो. मला वाटलं, माझ्यावरचा राग. तरी मी एस.टी.नं यायची. धरणाच्या अलीकडं मोकळी जागा होती, गुरं चरायची. चारातल्या दोनच काठ्या उरल्या होत्या. तुम्ही सत्तरीला टेकलेल्या, एक गुडघा धरलेला, पण टोला मारताना मान तशीच खाली, आणि चेंडू गेला की तोंडातून तोच हलका हुंकार. भांडणाचा विषय तुम्ही काढला नाही, मीही नाही. म्हशींमधून चेंडू शोधत आपण दुसरंच काही तरी बोलायचो.

मागच्या आठवड्यात तुमच्या मैत्रिणीचा फोन आला. दम लागतोय, दवाखान्यात नेलंय. आम्ही दुपारी पोचलो. तुम्ही पाचव्या मजल्यावर होतात. हे लिफ्टपाशी थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “तू खाली बस. मी सांगतो अक्काला. तिला म्हाईतंय.” मी खरंच खुर्चीवर बसले. समोर जिना होता. लोक चढत होते, उतरत होते, जेवणाचे डबे, औषधाच्या पिशव्या. मग मी उठले.

कसं चढले ते सांगण्यासारखं नाही. भिंतीला हात लावून, वर न बघता. मधल्या एका वळणावर खाली बसले, तर एक नर्स म्हणाली, मावशी, चक्कर येते का? मी म्हणाले, येत नाही, भीती वाटते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एक जिना माझ्याबरोबर चढली. वर खिडकीतून नांदेड दिसत होतं, पाण्याच्या टाक्या, गुरुद्वाऱ्याकडची वस्ती, आणि मला ते सगळं किंचित हलताना दिसलं. ते हलत नव्हतं. मला माहीत होतं.

तुमच्या नाकाला नळी होती.

“तू वर आलीस?”

“आले.”

“चढून?”

“हाव.”

तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि हळू, थांबत थांबत बोललात. “डाक्टरांना म्हनलं मला खाली न्या. ऐकंनात. लई भ्या वाटायलंय इथं.”

मला वाटलं आजाराचं. “बऱ्या व्हाल,” मी म्हणाले.

“त्याचं न्हाई.” तुम्ही डोळ्यांनी छत दाखवलंत. “ह्याचं. आजचं न्हाई गं. तवापासनं.”

तुम्ही सांगत गेलात. भूकंपानंतर शाळेत वर्गात जायचं म्हणजे तुमच्या पायात गोळे यायचे, म्हणून पोरींना सदा मैदानावर काढायचात. घरात बसवत नव्हतं. “मी तुला बरं कराया न्हेत नव्हते बरडावर. मलाच जायचं होतं. एकटी बाई माळावर काय करती म्हनून लोकांनी इचारलं असतं. तू होतीस म्हनून जाता आलं.” मग थोडं थांबून, “तुझ्या बांगड्या फुटल्या त्या दिशी मी तुला न्हाई धरलं. पडाया मीच लागले होते.”

“मग होस्टेलला हो का म्हनलात?” मी विचारलं.

“आपल्याला भ्या वाटतंय म्हनून पोरींनी शिकायचंच न्हाई का?” तुम्ही म्हणालात. “पर मला न्हाई ऱ्हाता आलं त्याच्याखाली. म्हनून आले इकडं.”

नर्सनं वेळ झाल्याचं सांगितलं. मी म्हणाले, उद्या येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढत असतानाच हे वरून खाली आले.

अक्का, तुमच्याशी माझं अजून भांडण आहे. तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? दोघी भ्यायलेल्या होतो तर दोघींनी मिळून भ्यायलो असतो. मग मनात येतं, तुम्हीही भेगेच्या काठावर थरथरत उभ्या आहात हे मला दिसलं असतं, तर मी तो हात आत घातला असता का? नसता. मग मी आजही अंगणात असते. पण मग तुम्ही इतकी वर्षं कुणाच्या जिवावर उभ्या होतात? या प्रश्नावर येऊन मी रोज थांबते. होस्टेलचंही मला अजून पटलेलं नाही. पोरींनी शिकावं हे खरं, आणि चौथा मजला हेही खरं. तुम्ही असतात तर आता ते भांडण नीट भांडता आलं असतं, दोन भित्र्या बायकांचं.

तुम्हाला लातूरला आणलं. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून मातीत ठेवतात. तुम्हाला खुर्चीत बसवून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग देऊन नेलं. खड्डा खोल होता. मी काठाशी उभी राहिले आणि आत बघितलं. सगळ्यांनी बेल वाहिला. मग जंगम स्वामींनी खूण केली आणि चार तरुण पोरं फावडी घेऊन पुढं झाली. पहिली फावडीभर माती धप्पकन पडली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण ओळखला. औशाच्या पलीकडं, त्या पहाटे, हाच झाला असणार.

“थांबा,” मी म्हणाले.

सगळे थांबले. हे जवळ आले, त्यांना वाटलं मी पडते आहे. बायकांनी अशा वेळी बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. मी स्वामींना म्हणाले, “अशी टाकू नका. हळू टाका. हातानं.”

स्वामी माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फावडी बाजूला ठेवायला सांगितली आणि स्वतः खाली बसून ओंजळीनं माती सोडली. मग ह्यांनी, मग त्या पोरांनी, मग तुमच्या जुन्या विद्यार्थिनींनी. पुष्कळ वेळ लागला. ऊन चढलं. मी शेवटपर्यंत काठाशी उभी होते, कान देऊन. आवाज होत नव्हता, अक्का. तुमच्या अंगावर माती अगदी हळू आली.